साठ रुपयांची खोली



अण्णांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत उभं राहून भाडं थकवणाऱ्या भाडेकरूला बाहेर काढण्याबद्दल बोलायचं, हा आगाऊपणा आहे याची मला कल्पना आहे. संयोजकांना फोनवर विषय सांगितला तेव्हा पलीकडून जरा वेळ आवाजच आला नाही. मग, "मॅडम, अण्णा तर जन्मभर भाडेकरूंच्या बाजूनं लढले..." म्हटलं, म्हणूनच तर. १९८३ ते १९८९ अशी सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली ज्युनिअर होते. पुढं स्वतःचं ऑफिस थाटलं आणि कसं कोण जाणे, माझ्याकडं येत गेले ते घरमालक. मग वीसेक वर्षं शिवाजीनगरच्या कोर्टात आम्ही समोरासमोर. आत 'माझे विद्वान मित्र', आणि बाहेर आलं की, "चल गं, चहा घेऊ." माझ्याकडं नवा मालक अशील आला की अण्णांना बरोबर सुगावा लागायचा. त्यांचा प्रश्न ठरलेला. "पावत्या देत होता का तो? आधी ते विचार."

मी बोलणार आहे ती छोट्या मालकाबद्दल. कंपन्या, ट्रस्ट, आख्ख्या चाळी बाळगून असणारे, यांची काळजी करायला दुसरे लोक आहेत. छोटा मालक म्हणजे ज्याची एक खोली, फार तर एक फ्लॅट भाड्यानं गेलेला आहे आणि त्या भाड्यावर महिन्याचं काहीतरी ठरलेलं भागतं. औषधं, गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स. निवृत्त शिक्षक, नवरा गेलेली बाई, आखातात पंधरा वर्षं काढून परत आलेला फिटर. आपल्या कथा-सिनेमांतला घरमालक काठी आपटत जिना चढतो आणि नळ बंद करतो. असे मालक मी पाहिलेत, त्यांची वकीलपत्रंही घेतलीत, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्यापेक्षा जास्त पाहिले ते भाडेकरूच्या दारावरून जाताना चप्पल न वाजवता जाणारे. पैसे मागायची लाज मालकाला, आणि देणं असलेला माणूस खुशाल खुर्ची टाकून बसलेला.

कायदा मात्र काठीवाल्याला डोळ्यांपुढं ठेवून लिहिला गेला, आणि त्याला कारणही होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसं लोटली, घरं तेवढीच राहिली. १९१८ साली भाडी रोखणारा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच गत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४० रोजी असलेलं भाडं धरून ठेवलं. कायदा तात्पुरता होता बरं का. मुदत संपत आली की वाढवायची, असं करत अर्धं शतक गेलं. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की १९४० ला गोठवलेली भाडी आता वाजवी म्हणता यायची नाहीत. पण कायद्याची मुदत पुढच्या मार्चअखेर संपत होती, म्हणून तेवढ्यावर सोडून दिलं. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्यानं मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ दिली. वाड्यातल्या खोलीचं २५ रुपये भाडं घेणाऱ्या मालकाला वाढ किती मिळाली? एक रुपया.

मी हे उदाहरण दिलं की अण्णा चिडायचे. "पंचवीस रुपये ही भाडेकरूची चूक आहे का?" नाही. पण शहरात घरं कमी पडली याचं बिल एखाद्या एकट्या मालकिणीनं का भरायचं, हा माझा प्रश्न. या दोन वाक्यांवर आम्ही वीस वर्षं चहा प्यायलो.

त्या वर्षांतला एकच दावा आज सांगते. नावं सांगत नाही, पेठही सांगत नाही. पुण्यात पेठ सांगितली की घर सापडतं.

बाई निवृत्त नर्स. नवऱ्याच्या मागं दोन मजली जुनं घर पदरात आलेलं. स्वतः मागच्या खोलीत राहायच्या, पुढची खोली १९६० च्या दशकापासून एका जुळाऱ्याकडं. तरुण मंडळींना जुळारी म्हणजे काय ते सांगावं लागेल. छापखान्यात शिशाचा एक एक खिळा उचलून ओळी जुळवणारा कंपोझिटर. भाडं महिना ६० रुपये. वीस-पंचवीस वर्षं दर पाच तारखेला हा माणूस उंबऱ्याशी येऊन पैसे देत असे आणि बाई वहीत लिहून ठेवत. पावती कधी दिली नाही, त्यानं कधी मागितली नाही. "घरातल्यासारखे होते हो," बाई मला म्हणाल्या. घरातल्यासारखे! हे शब्द ऐकले की मी मनातल्या मनात दाव्याला तीन वर्षं वाढवते.

मग एका पावसाळ्यात कौलं गळायला लागली. जुळारी म्हणाला, कौलं फिरवून द्या, मग भाडं देतो. बाई म्हणाल्या, साठ रुपयांत कौलं फिरवायची म्हणजे माझी पेन्शन घालू का त्यात? दोघांचंही खरं होतं. त्याच सुमारास छापखान्यात डीटीपी आलं, खिळे भंगारात गेले आणि जुळाऱ्याची नोकरीही. म्हणजे भाडं थकलं ते हट्टानं की अडचणीनं? मला बाई सांगत, हट्टानं. अण्णांना तो सांगे, अडचणीनं. मला विचाराल तर पहिले चार महिने हट्ट असावा आणि पुढं अडचण, आणि ती कबूल करायची लाज वाटते म्हणून वरून पुन्हा हट्टच. 'देऊ शकत नाही' आणि 'देणार नाही' हे दोन वेगळे भाडेकरू असतात असं आपण समजतो. मी पाहिलंय की पुष्कळदा तो एकच माणूस असतो, वेगवेगळ्या महिन्यांतला.

मध्येच त्यानं दोन मनीऑर्डरी पाठवल्या. बाईंनी त्या परत केल्या. कुणीतरी शहाण्यानं सांगितलं होतं, भाडं घेऊ नका, साठू द्या, मग केस मजबूत होते. हा सल्ला आजही वाड्या-वाड्यांतून फुकट मिळतो आणि त्याच्याइतका महाग सल्ला दुसरा नाही. भाडं नाकारलं की मालक स्वतःच लिहून देतो की भाडेकरू द्यायला तयार होता. अण्णांनी मनीऑर्डरीची ती दोन कुपनं कैफियतीला जोडली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला कधी विसरता आला नाही.

थकबाकी १४ महिन्यांची, म्हणजे ८४० रुपये. माझी नोटीस १९९० ची, दावा १९९१ चा.

इथं जरा थांबून आजचा कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण खाली बसलेल्यांपैकी निदान दहा जण त्यासाठीच आलेत, मला दिसतंय.

जुनी भाडेकरारी असेल तर कलम १५. भाडं थकलं म्हणून उद्या कोर्टात जाता येत नाही. आधी लेखी मागणीची नोटीस. ती पोचल्यापासून ९० दिवस थांबायचं. मग दावा. दाव्याचं समन्स भाडेकरूला मिळालं की त्याला पुन्हा ९० दिवस. तेवढ्यात त्यानं सगळी थकबाकी १५ टक्के सरळव्याजानं कोर्टात भरली, पुढं दावा संपेपर्यंत नियमित भरत राहिला आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून हुकूमनामा होत नाही. खोली त्याची. मालक मंडळी हे ऐकून माझ्याकडंच रागानं बघतात. पण कायद्याचं मन समजून घ्या. त्याला माणूस बाहेर काढायचा नाही, पैसे वसूल करून द्यायचेत. दोनदा तीन महिने दिल्यावरही जो देत नाही, त्याच्यापुरतं दार उघडं आहे. हे ९० दिवस मला कधी अन्याय्य वाटले नाहीत. त्यांच्यानंतर जी वर्षं लागतात, तो अन्याय आहे, आणि तो कुठल्या कलमात लिहिलेला नाही.

आणखी एक. हे घड्याळ नोटीस पोचल्यावर सुरू होतं, भाडं थकल्यावर नाही. छोटा मालक पहिला महिना थकला की गप्प बसतो. दुसऱ्या महिन्यात बायकोजवळ बोलतो. चौथ्यात जिन्यात भेटल्यावर "जरा बघा हं" म्हणतो. आठव्यात भांडतो, आणि वर्षानं वकिलाकडं येतो. कायद्याच्या लेखी या वर्षात काहीही घडलेलं नसतं.

लिव्ह अँड लायसन्सचं वेगळं. तिथं कलम २४. कराराची मुदत संपली आणि माणूस जागा सोडत नसेल तर दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करायचा. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत त्याला बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, ती आपोआप मिळत नाही. मुदतीनंतर जितके दिवस राहील त्याची नुकसानभरपाई ठरलेल्या रकमेच्या दुप्पट. कागदावर हा रस्ता चांगला आहे. मुदतीच्या मधेच भाडं थांबलं तर करार रद्द करून लगेच जावं की मुदत संपेपर्यंत कळ काढावी, यावर आम्ही वकील तासन्‌तास भांडतो. त्यात तुम्हाला ओढत नाही. करारात थकबाकीवरून तो संपवण्याची अट आहे की नाही, ते मात्र सही करतानाच वाचा.

पण या सगळ्याला करार नोंदणीकृत हवा. कलम ५५. करार लेखी आणि नोंदणी केलेला असण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. वर मालकाला शिक्षेचीही तरतूद. आणि लोक काय करतात? शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार नोटरी करून आणतात. अकरा महिन्यांचं खूळ आलं ते वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही या जुन्या नियमातून. महाराष्ट्रात आता ते चालत नाही. अकरा महिने असो की अकरा दिवस. पोलीस चौकीत भाडेकरूची माहिती देऊन आलेले लोक मला ती पोच करार म्हणून दाखवतात. कपाळाला हात लावायचा फक्त.

आता माझीच फजिती सांगते. घरची गोष्ट आहे, हसलात तरी चालेल.

कोथरूडला माझा एक छोटा फ्लॅट आहे. तो एका तरुणाला दिला होता, वसतिगृहातल्या मुलांना डबे पुरवायचा त्याचा व्यवसाय. करार चोख, नोंदणी केलेला. मी वकील आहे अखेर. महिना १४,०००, डिपॉझिट ५०,०००. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, मुलं गावोगाव निघून गेली, डबे बंद. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना सांगितलं की निदान तीन महिने भाड्याची वसुली पुढं ढकला, कुणाला काढू नका. मी मनाशी म्हटलं, आपण चांगल्या माणसांत आहोत, आपण विचारणारही नाही. आणि खरंच विचारलं नाही. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने, ८४,००० रुपये. डिपॉझिट चौथ्या महिन्यातच आटलं. सोसायटीचं बिल माझ्या नावावर येत होतं, त्यात मालक स्वतः राहत नाही म्हणून सेवाशुल्कावर १० टक्के वेगळे. सोसायटी थांबत नाही हो कुणासाठी! ऑक्टोबरात कराराची मुदत संपली तेव्हा मी नोटीस लिहायला घेतली आणि तीन वेळा फाडली. दुसऱ्यांसाठी हजारभर नोटिसा लिहिलेल्या बाईला स्वतःच्या नोटिशीत 'सबब' हा शब्द लिहवेना.

अखेर पाठवली. तो दुसऱ्या दिवशी आला. मास्क लावलेला, दारातच उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं तुम्हाला घाई नाही. जूनमध्ये म्हणाला असता तर मी तेव्हाच खोली सोडून गावी गेलो असतो. एवढं कर्ज तरी अंगावर नसतं." नोव्हेंबरात त्यानं किल्ली दिली. चौतीस हजार राहिले, वर ऑक्टोबरचं. मी दावा लावला नाही. लावायला हवा होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण माझ्या चांगुलपणाचं बिल त्यानं भरलं, हे मला त्या दारात कळलं. मी गप्प बसले ते त्याच्यासाठी नव्हे, अवघड बोलणं टाळायला मिळत होतं म्हणून.

तेव्हा पहिल्या थकलेल्या महिन्यातच बोला, आणि बोललात ते लिहून पाठवा. मोबाइलवरचा दोन ओळींचा निरोपही चालेल, भांडणाचा सूर नको. 'या महिन्याचं भाडं आलं नाही, काही अडचण आहे का, कधीपर्यंत जमेल?' त्याचं उत्तर येईल, किंवा येणार नाही, दोन्ही उपयोगी. हप्ते ठरले तर तेही लिहून. नोटीस त्यानंतरची, वकिलाकडून, रीतसर पोस्टानं. भाडेकरू पाकीट नाकारतो म्हणून घाबरू नका. योग्य पत्त्यावर गेलेली आणि नाकारलेली नोटीस कोर्ट सहसा पोचली असंच धरतं.

आणि कुलूप बदलू नका. पाणी तोडू नका, मीटर काढायला लावू नका. हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगते आणि दर आठवड्याला कुणीतरी करून मोकळा होतो. पाणी-वीज तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. सामान बाहेर फेकलं तर भाडेकरू सहा महिन्यांच्या आत कोर्टात जाऊन ताबा परत मागू शकतो, आणि तिथं मालकी कुणाची हा प्रश्नच विचारला जात नाही. ताबा कुणाचा होता एवढंच. एक सज्जन निवृत्त गृहस्थ, देवभक्त, आयुष्यात कुणाला अरे म्हटलं नसेल, त्यांनी नवव्या महिन्यात रागाच्या भरात नळाचा कॉक बंद करून त्याचं चाकच काढून खिशात घातलं. ते चाक पुढं पोलिसांच्या पंचनाम्यात आलं. थकबाकीची फिर्याद करायला आलेला माणूस आरोपी होऊन घरी गेला.

जुळाऱ्याकडं परत येऊ.

दाव्याच्या पहिल्या तारखेला अण्णांनी सगळी थकबाकी कोर्टात भरली. पैसे त्यांनीच घातले असावेत असा माझा संशय आहे. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढं दर महिन्याला ६० रुपये कोर्टात भरायचे. अण्णांच्या टेबलाला उजवीकडं एक खण होता, त्यात सगळ्या भाडेकरू अशिलांची चलनं, प्रत्येकाची सुतळीनं बांधलेली वेगळी गड्डी. मी ज्युनिअर असताना तो खण लावायचं काम माझं. "भाडेकरूचं घर या सुतळीवर उभं असतं," असं काहीतरी म्हणायचे आणि मी कंटाळायचे.

म्हणून तर १९९८ साली उलटतपास घेताना मला कुठं बोट ठेवायचं ते ठाऊक होतं. कायद्यातला शब्द आहे 'नियमित'. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की भरणा नियमित नसेल तर तो नियमित मानण्याची मोकळीक कोर्टाला नाही. १९८० साली दुसऱ्या निकालात म्हटलं, गणिती काटेकोरपणा नको, वाजवी वक्तशीरपणा पुरे. म्हणजे दोन-चार दिवस मागं-पुढं चालतील. अण्णा दुसरा निकाल घेऊन आले होते, मी पहिला.

जुळारी पिंजऱ्यात. सत्तरीला आलेला, शर्टाची कॉलर उलटून शिवलेली. मी म्हटलं, जून ते डिसेंबर १९९६ ची चलनं दाखवा. त्यानं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी गड्डी सोडली, पुन्हा पाहिली. मे होता, जानेवारी होता. मधले सात महिने नव्हते. त्या काळात तो आजारी होता, पैसे मुलाकडं देत होता आणि मुलगा कोर्टात भरणा घेणाऱ्या नाझरच्या खिडकीपर्यंत पोचलाच नव्हता. हे त्याला तिथं, पिंजऱ्यात, माझ्या प्रश्नामुळं कळलं. सात महिन्यांचे साठ-साठ रुपये म्हणजे ४२०. आकडा तरी काय निघावा! वाजवी वक्तशीरपणात सात महिने बसवणं अण्णांनाही जमलं नाही.

हुकूमनामा १९९९ साली झाला. जिल्हा न्यायालयातलं अपील २००३ ला फेटाळलं, उच्च न्यायालयातली याचिका २००५ ला. डिसेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ताब्याच्या हुकूमनाम्याला स्टे देताना अपील कोर्ट भाडेकरूला बाजारभावानं वाजवी रक्कम भरायची अट घालू शकतं. तोवर अपिलात स्टे मिळाला की भाडेकरूला काही घाईच नसायची; साठ रुपयांत आणखी चार वर्षं. आमच्या बाईंना त्याचा फायदा मिळाला नाही, निकाल उशिरा आला. जुळारी मधल्या काळात वारला, वारस रेकॉर्डवर आले.

ताबा मे २००६ मध्ये. सकाळी दहाला बेलिफ, दोन पंच, कुलूपवाला आणि बंदोबस्ताला एक हवालदार. घरात फक्त सून होती, धाकटं पोर कडेवर. तिनं काही विरोध केला नाही, भांडी आधीच गोणपाटात भरून ठेवली होती. बेलिफ एक एक वस्तू बघत पंचनामा सांगत होता. लोखंडी कपाट एक. कॉट एक. गॅसची शेगडी, दोन बर्नरची. पितळी घंगाळ. भिंतीवर एक लाकडी ट्रे होता, बारीक बारीक खणांचा, त्यात सुनेनं बटणं, सुया, औषधाच्या गोळ्या, रबरबँड असं काहीबाही ठेवलेलं. बेलिफला कळेना याला काय लिहावं. "लाकडी फळी, खणांची?" असं तो पंचांना विचारत होता, तेव्हा मागच्या दारातून बाईंचा आवाज आला, "ती केस आहे. खिळ्यांची. नीट काढा, तिचे कप्पे निघतात." पंधरा वर्षं त्या घराशी एक शब्द न बोललेल्या बाई. बेलिफनं लिहिलं, 'केस एक'.

कायद्यात विजय म्हणतात तो हा. मी फी घेतली, बाईंनी पेढे दिले, मी ते खाल्ले.

ही गोष्ट एका खोलीपुरती नाही. १९६१ साली भारतातल्या शहरांत ५४ टक्के घरं भाड्याची होती, २०११ साली २८ टक्के. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत हे आकडे आहेत. एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या आसपास घरं रिकामी असल्याचंही तिथंच म्हटलंय. कारणं पुष्कळ आहेत, सगळी भाडे कायद्याची नाहीत. पण लोकांच्या मनात १९७३ रुतून बसलंय, ज्यांचा तेव्हा जन्मही नव्हता त्यांच्यासुद्धा. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते, ते कायदादुरुस्तीनं भाडेकरू ठरले. तात्पुरती म्हणून दिलेली जागा कायमची गेली. तेव्हापासून आजोबा नातवाला सांगतात, घर बंद ठेव पण देऊ नकोस. आणि भाड्यानं घर शोधणारी नवी नवरा-बायको, एकटी राहणारी मुलगी, बदलून आलेला बँकेतला कारकून, यांना त्या बंद दारांसमोरून हिंडावं लागतं. अण्णा हे माझ्याकडून काढून घ्यायचे. "बघ, तुझे मालक घाबरट, आणि त्याची शिक्षा माझ्या भाडेकरूंना." मी म्हणायचे, निकाल दोन वर्षांत लागू दे, मग बघा किती दारं उघडतात. यावर मात्र ते गप्प बसायचे. कोर्टाच्या वेगाबद्दल आम्ही दोघंही एकाच पक्षाचे होतो.

बाईंनी ती खोली पुन्हा कुणाला दिली नाही. मी म्हटलं, रीतसर लायसन्सवर द्या, करार मी करून देते, चांगलं भाडं येईल. त्या नको म्हणाल्या. कौलं मात्र फिरवून घेतली, ताबा मिळाल्यावर दुसऱ्याच महिन्यात. चार वर्षांनी त्या गेल्या. मुलगा कॅनडात असतो. विकायचं की बांधायचं हे त्याचं अजून ठरत नाही, आणि मिळकतकराचं बिल दरवर्षी माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर येतं. अण्णा शेवटपर्यंत संध्याकाळी त्याच गल्लीतून फिरायला जायचे. भेटले की विचारायचे, "काय गं, तुझी खोली बंदच अजून?"

किल्ली माझ्याकडं आहे. खणात, सुतळीला बांधलेली.

प्रश्न असतील तर विचारा. फक्त तुमच्या भाडेकरूचं नाव इथं घेऊ नका, तो मागच्या रांगेत बसलेला असायचा.